गाडीत आवाज येतो आहे, पण नेमका कुठून?

मुंबई, प्रतिनिधी

ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस मारुती सुझुकी कंपनीने वॅगन आर, सेलेरियो आणि इग्निस या तीन मॉडेल्सच्या मिळून ९,९२५ मोटारी तपासणीसाठी परत बोलावल्या. ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२२ या जेमतेम महिनाभराच्या काळात तयार झालेल्या या गाड्यांच्या मागच्या ब्रेकच्या जुळणीतील एक पिन सदोष असण्याची शक्यता होती. ती तुटल्यास काही गाड्यांत आवाज येऊ शकतो आणि कालांतराने ब्रेकच्या कामगिरीवरही परिणाम होऊ शकतो, असे कंपनीने त्या वेळी स्पष्ट केले होते. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी आवाज, मग बिघाड. चालकाला मिळणारा पहिला इशारा डॅशबोर्डवरील दिव्याच्या रूपाने येईलच असे नाही. पुष्कळदा तो कानावाटे येतो, आणि त्याचा उगम सापडेपर्यंत दोन-तीन गॅरेजे आणि काही हजार रुपये खर्ची पडलेले असतात.

उपनगरांत हा अनुभव सार्वत्रिक म्हणावा असा आहे. बोरिवलीहून अंधेरीला किंवा मुलुंडहून घाटकोपरला रोज गाडी नेणाऱ्याचा दिवसातील तास-दीड तास बंद काचांच्या आड जातो. एके दिवशी डाव्या बाजूने कुठून तरी 'खुडखुड' ऐकू येते. रेडिओ बंद केला जातो, वातानुकूलन बंद केले जाते, शेजारी बसलेल्याला कान देण्यास सांगितले जाते. शेजारच्याला आवाज मागून येतो असे वाटते, मागे बसलेल्याला पुढून. गॅरेजमध्ये गाडी नेली की आवाज गायब! मिस्त्री गाडी दोनदा हलवून पाहतो आणि 'लिंक रॉड बदलून बघू' म्हणतो. या 'बदलून बघू'मध्येच ग्राहकाचे नुकसान असते. शोध पद्धतशीरपणे केला तर बदलण्यापूर्वीच बघता येते.

कान कसे फसतात?

आवाजाची दिशा माणसाला दोन कानांमुळे कळते. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोहोचतो. हा वेळेतील फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका असतो. तरीही मेंदू तो टिपतो. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये या प्रक्रियेची जी मांडणी केली, ती ढोबळमानाने आजही ग्राह्य धरली जाते. मात्र नेमका समोरून आणि नेमका मागून येणारा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोहोचतो. एरवी आपण नकळत मान वळवून हा गोंधळ मिटवतो. द्रुतगती महामार्गावर गाडी चालवणाऱ्याला ती मुभा नसते. पुढच्या चाकाचा आवाज मागच्या चाकाचा वाटतो तो यामुळे.

दुसरी अडचण आवाजाच्या पट्टीची. सेकंदाला शंभर कंपनांच्या खर्जातील घुमणाऱ्या आवाजाची तरंगलांबी हवेत सुमारे ३.४ मीटर असते, म्हणजे जवळजवळ एका छोट्या मोटारीच्या लांबीइतकी. असा आवाज सगळ्या गाडीत एकसारखा भरून राहतो आणि त्याला दिशा उरत नाही. उलट 'टिकटिक', 'किरकिर' अशा तीक्ष्ण आवाजांची दिशा कानाला बरीच अचूक कळते.

तिसरी अडचण सर्वांत फसवी आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. पोलादातून तो त्याच्या जवळपास पंधरा पट वेगाने आणि फारशी घट न होता पुढे सरकतो. त्यामुळे चाकाजवळच्या बुशमध्ये निर्माण झालेला ठोका सांगाड्यातून प्रवास करीत डॅशबोर्डच्या प्लास्टिकपर्यंत येतो आणि तेथे पत्रा किंवा प्लास्टिक ध्वनिवर्धकासारखे काम करून तो हवेत सोडते. चालक डॅशबोर्ड ठोकत बसतो, दोष मात्र चाकाशी असतो. म्हणूनच 'आवाज कुठून येतो' हा प्रश्न पहिला विचारायचा नसतो. पहिला प्रश्न असा, की आवाज कशाबरोबर बदलतो?

चाक की इंजिन?

यासाठी थोडे अंकगणित उपयोगी पडते. सर्वसाधारण छोट्या गाडीच्या टायरचा परीघ १.९ मीटरच्या आसपास असतो. ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगाने चाक सेकंदाला पाचपेक्षा किंचित जास्त फेरे घेते. इंजिन त्याच वेळी मिनिटाला २,००० फेऱ्यांवर असेल तर ते सेकंदाला तेहतीस वेळा फिरत असते. त्यामुळे सुटे-सुटे मोजता येतील अशा लयीत 'टक्-टक्-टक्' ऐकू येत असेल आणि वेग दुप्पट केल्यावर लयही दुप्पट होत असेल, तर संशयित चाकाच्या बाजूला आहे. टायरच्या खाचेत अडकलेला खडा, रुतलेला खिळा, टायरला आलेला फुगा, सैल झालेले व्हील कव्हर, ही त्याची नेहमीची कारणे. यातील निम्मी कारणे गाडी थांबवून, चारही टायर हाताने चाचपून पाच मिनिटांत निकालात निघतात. त्यासाठी गॅरेज लागत नाही.

आवाज इंजिनाचा आहे की नाही हे ओळखण्याची रीत याहून सोपी. गाडी उभी करावी, हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर हळूहळू दाबावा. चालताना येणारा आवाज जसाच्या तसा ऐकू आला, तर इंजिन, त्यावरील पट्टे किंवा सायलेन्सर यांकडे वळावे. ऐकू आला नाही तर चाके, ब्रेक, सस्पेन्शन, ॲक्सल. रिकाम्या, सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जाताना गिअर बदलून पाहणे ही दुसरी कसोटी. वेग तोच राहिला पण इंजिनाच्या फेऱ्या बदलल्या, आणि आवाज फेऱ्यांबरोबर बदलला, तर तो इंजिनाचा. तसाच राहिला तर चाकांचा. चालत्या गाडीचे इंजिन बंद करून हा प्रयोग करण्याची काही जणांना हौस असते. ती जिवावर बेतू शकते, कारण इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारी मदत काही दाबांतच संपते आणि स्टिअरिंग जड होते.

क्लचच्या पेडलवरूनही बरेच कळते. इंजिन सुरू, गाडी उभी आणि पेडल दाबताच 'घर्रर्र' सुरू होत असेल, तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. याउलट पेडल दाबल्यावर आवाज थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या आतील बेअरिंग तपासावे लागते. दोन्ही कामांच्या खर्चात मोठी तफावत असते. त्यामुळे गॅरेजची पायरी चढण्यापूर्वी हे अर्ध्या मिनिटाचे निरीक्षण केलेले बरे.

उपनगरातील रस्ते हीच प्रयोगशाळा

वाहन उद्योगात या शास्त्राला एनव्हीएच म्हणतात. नॉइज, व्हायब्रेशन आणि हार्शनेस यांची ही आद्याक्षरे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या वेताळ टेकडीवरील 'एआरएआय' या संस्थेत त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. सर्वसामान्य मोटारमालकाला तेथे जाण्याचे कारण नाही. रोजच्या रस्त्यांचा नीट उपयोग केला तर अंधेरी-मुलुंडच्या परिसरात बहुतेक कसोट्या घेता येतात.

सुरुवात अशी करावी, की आवाज गाडीचा नसून रस्त्याचाच तर नाही ना? मुंबई महापालिकेने २०२३च्या सुरुवातीपासून हाती घेतलेल्या काँक्रिटीकरणाच्या पहिल्या टप्प्यातच सुमारे ३९७ किलोमीटर रस्त्यांचा समावेश होता. काँक्रीटच्या रस्त्यावर ठरावीक अंतराने, साधारणतः साडेचार मीटरवर, आडवे सांधे असतात आणि पृष्ठभागावर घसरण टाळण्यासाठी रेघा ओढलेल्या असतात. ताशी ३६ किलोमीटर वेगाने त्यावरून जाताना सेकंदाला दोन-अडीच ठोके आणि त्याखाली एक अखंड 'सूंऽऽ' ऐकू येणे स्वाभाविक आहे. आधी डांबरी असलेला घराजवळचा रस्ता काँक्रीटचा झाला आणि त्याच आठवड्यात 'बेअरिंग गेले' असे वाटू लागले, तर आधी डांबरी रस्त्यावर गाडी नेऊन पाहावी. उड्डाणपुलांवरील सांध्यांचा 'धडक्-धडक्' असा दुहेरी ठोका तर सर्वांच्या परिचयाचा आहे. पुढची चाके आणि मागची चाके पाठोपाठ सांधा ओलांडतात म्हणून तो दुहेरी असतो. त्यातील एकच ठोका खणखणीत आणि दुसरा मऊ ऐकू येत असेल, तर मात्र पुढचे किंवा मागचे सस्पेन्शन तक्रार करीत आहे असे समजावे.

खऱ्या बेअरिंगचा आवाज वेगळा असतो. दूरवरून विमान जात असल्यासारखी ती घरघर वेगाबरोबर वाढते आणि मुख्य म्हणजे वळणावर बदलते. गाडी डावीकडे वळताना तिचा भार उजव्या चाकांवर जातो. उजव्या बाजूचे बेअरिंग खराब असेल तर त्या क्षणी घरघर वाढते आणि उजवीकडे वळताना कमी होते. पवईच्या बाजूने जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याची लांबट वळणे घेताना किंवा द्रुतगती महामार्गावरून उतरणाऱ्या गोलाकार मार्गावर हे स्पष्ट जाणवते. टायर एकाच बाजूने झिजला असेल तर त्याचाही असाच घुमणारा आवाज येतो आणि भले भले फसतात. पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून पाहावी. आवाजाने जागा बदलली तर दोष टायरचा, बेअरिंगचा नव्हे. हा बदल कोणताही टायरवाला थोडक्या पैशांत करून देतो.

सोसायटीच्या वाहनतळातही एक उत्तम कसोटी घेता येते. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून, अगदी हळू वेगात, किंचित ॲक्सिलरेटर देत गोल फिरावे. 'कट्-कट्-कट्' असा चटचटीत आवाज आला तर पुढच्या ॲक्सलचा बाहेरचा सांधा, ज्याला गॅरेजमध्ये सीव्ही जॉइंट म्हणतात, तो झिजला आहे. त्यावरील रबरी टोपण फाटले की आतील ग्रीस उडून जाते, धूळ आणि पाणी आत शिरते. टोपण फाटलेले वेळीच दिसले तर काम स्वस्तात होते. आवाज सुरू झाल्यावर सहसा सगळा सांधाच बदलावा लागतो. गाडी जागच्या जागी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग सुटल्यासारखा 'टंग' आवाज येत असेल, तर शॉक ॲब्सॉर्बरच्या डोक्यावरील माउंटिंगकडे पाहावे.

गतिरोधकांची उपनगरांत ददात नाही. त्यांचा उपयोग असा, की पूर्ण रुंदीच्या गतिरोधकावर दोन्ही चाके एकाच वेळी उचलली जातात, तर खड्ड्यात किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर एकच चाक खाली-वर होते. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अँटी-रोल बार ही दोन चाके वेगवेगळी हलली तरच पिळला जातो. म्हणून एका चाकाच्या खड्ड्यात 'खुडखुड' येते आणि सरळ गतिरोधकावर येत नाही, असे असेल तर त्या बारचे लिंक रॉड आणि बुश हे पहिले संशयित. दोन्हीकडे 'धप्' असा दणका येत असेल तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा त्याचे बुश. खडबडीत रस्त्यावर येणारी खडखड ब्रेकच्या पेडलवर पाय नुसता टेकवताच थांबत असेल, तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या पिना सैल आहेत. सस्पेन्शनचा खर्च करण्यापूर्वी ही एक कसोटी घेतली तर पुष्कळांचे पैसे वाचतील, पण ती क्वचितच घेतली जाते.

भिंतीचाही उपयोग होतो. काचा खाली करून लांबलचक काँक्रीटच्या भिंतीच्या किंवा कठड्याच्या अगदी जवळून हळू जावे. गाडीखालचा आवाज भिंतीवर आपटून कानाशी येतो. नंतर उलट दिशेने येऊन दुसरी बाजू भिंतीकडे करावी. कोणत्या बाजूला आवाज मोठा येतो यावरून डावे-उजवे ठरते. पहाटेच्या वेळी, वर्दळ नसताना हे केलेले चांगले. गर्दीच्या वेळी लालबहादूर शास्त्री मार्गावर असले प्रयोग करू नयेत, हे सांगायला नकोच.

मराठीचा उपयोग

आवाजांना नावे देण्याच्या बाबतीत मराठी भाषा कमालीची श्रीमंत आहे, आणि गॅरेजमध्ये या श्रीमंतीचा लाभ घ्यायला हवा. 'काहीतरी आवाज येतो' या वाक्याने मिस्त्रीला काहीच कळत नाही. 'खडखड' म्हटले की सैल पत्रा. इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवरच ती येत असेल तर बहुधा सायलेन्सरवरील उष्णतारोधक पत्रा, कारण प्रत्येक पत्र्याची स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि इंजिन तिच्याशी जुळताच तो थरथरू लागतो. 'कुरकुर' किंवा 'करकर' म्हणजे रबरी बुश कोरडे झाले किंवा प्लास्टिकवर प्लास्टिक घासते आहे. 'कुईऽऽ' असा सकाळच्या पहिल्या स्टार्टला येणारा आवाज बहुतेक वेळा इंजिनाच्या पट्ट्याचा. 'टिकटिक' इंजिन थंड असताना येऊन तापल्यावर थांबत असेल, तर टॅपेट किंवा एक्झॉस्टच्या सांध्यातील बारीक गळती; धातू तापून प्रसरण पावला की फट बुजते. 'फरफर' वातानुकूलनाच्या पंख्याबरोबर वाढते-घटते तेव्हा आत झाडाचे पान अडकले आहे हे जवळजवळ निश्चित. पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहराच्या सावलीत गाडी लावणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. समोरच्या काचेखालील जाळीतून पाने आत उतरतात. चढावर, इंजिनाला ओढ बसताना येणारी 'चणचण' बहुधा वरच्या गिअरमध्ये रेटण्याचा परिणाम असते. गिअर खाली आणला की थांबते. आधुनिक इंजिनात हा आवाज टिपण्यासाठी नॉक सेन्सर नावाचा स्वतंत्र कानच बसवलेला असतो. तो ऐकतो आणि संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो.

जुन्या चालकांना हे शब्दज्ञान आपसूक येत असे. कुर्ल्यातील प्रीमियर कारखान्याची पद्मिनी ही मुंबईची टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीपर्यंत नोंदीत होती. तिच्यात इतके आवाज एकत्र नांदत, की नवा आवाज ओळखण्यासाठी कान तयार असावाच लागे. आताच्या मोटारी आतून शांत झाल्या, त्यामुळे पूर्वी इंजिनाच्या गोंगाटात बुडून जाणारी क्षुल्लक किरकिरही ठळक ऐकू येते. विजेवरील मोटारींत तर झाकून घेणारे इंजिनच नाही. त्यांच्या मालकांना दाराच्या कप्प्यातील नाणेही अस्वस्थ करते.

तेव्हा गाडीखाली शिरण्यापूर्वी गाडीच्या आत पाहावे. आसनाखाली घरंगळणारी पाण्याची बाटली, दाराच्या कप्प्यातील छत्री, आरशाला टांगलेली माळ, रिकाम्या आसनाचा खांबावर आपटणारा सीटबेल्टचा हुक, डिकीत सैल पडलेला जॅक आणि पाना, स्टेपनीचा सुटलेला बोल्ट, थरथरणारी नंबरप्लेट. सगळे सामान बाहेर काढून एक फेरी मारणे ही सर्वांत स्वस्त तपासणी, आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित.

सीएनजीच्या गाड्यांसाठी एक वेगळी सूचना. डिकीतील टाकी जाड पट्ट्यांनी आणि बोल्टांनी सांगाड्याला बांधलेली असते. खड्ड्यांच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे चालल्यावर हे बोल्ट सैल होऊन मागून 'ठक्' असा जड आवाज येऊ शकतो. तो सामानाचा समजून सोडून देऊ नये आणि स्वतः पाना घेऊन आवळतही बसू नये. अधिकृत केंद्रातच दाखवावे. दर तीन वर्षांनी करावयाच्या टाकीच्या हायड्रो टेस्टच्या वेळी हे बांधकाम तपासून घेण्याची संधी असते. गॅसचा वास आणि आवाज दोन्ही एकत्र आले तर गाडी तेथेच उभी करावी.

पावसाळ्याचे आवाज

मुंबईत आवाजांचा हंगाम पावसाबरोबर येतो. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेकच्या बिडाच्या तबकड्यांवर गंजाचा पातळ थर चढतो आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला 'खर्रर्र' आवाज येतो. तो लगेच थांबला तर काळजी नको. गतिरोधकावर दाराच्या आत पाणी डुचमळत असेल, तर दाराच्या तळाची भोके मातीने बुजली आहेत. काडीने मोकळी करता येतात. ओल्या पट्ट्याची 'कुई' इंजिन तापल्यावर थांबते. थांबली नाही तर पट्टा झिजला आहे किंवा सैल आहे.

खरा धोका उशिरा समजतो. अंधेरी सबवे, मिलन सबवे किंवा सखल रस्त्यांवरील साचलेल्या पाण्यातून गाडी नेली की चाकाच्या बेअरिंगपर्यंत पाणी पोहोचते. तापलेले बेअरिंग एकदम गार झाल्याने आतील हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाऊ शकते. ग्रीस बिघडते, गंज धरतो, आणि घरघर सुरू होते ती काही आठवड्यांनी, जेव्हा मालक ते पाणी विसरलेला असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्या दिवशी असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. इतका प्रलय नसला तरी चाकाच्या निम्म्यापर्यंतचे पाणी दरवर्षी अनेकांच्या वाट्याला येते. त्या तारखेची नोंद ठेवली तर पुढे निदान सोपे जाते.

गॅरेजमध्ये आवाज का लपतो?

मालकाची चेष्टा व्हावी असा हा प्रकार, पण त्याला साधी कारणे आहेत. सकाळी थंड इंजिनात येणारा आवाज अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर तापलेल्या इंजिनात येत नाही. लिफ्टवर चढवलेल्या गाडीची चाके लोंबकळतात, सांध्यांवरील भार बदलतो आणि सैल सांधा गप्प बसतो. शिवाय घरचे चौघे आणि सामान असताना येणारा आवाज एकट्या मिस्त्रीच्या फेरीत येईलच असे नाही.

यावर उपाय म्हणजे नोंद. दिवसाची वेळ, वेग, गिअर, इंजिन थंड की गरम, वातानुकूलन सुरू की बंद, गाडीत माणसे किती, रस्ता कसा, वळण कोणते, ब्रेकवर पाय होता का. आठवडाभराच्या अशा पाच-सहा ओळी बहुतेक वेळा अर्धे निदान करून ठेवतात. शेजारी बसलेल्याने मोबाइलवर आवाज टिपून ठेवावा, चालकाने नव्हे. गाडी चालवताना मोबाइल हाताळणे हा गुन्हा आहे. आवाज फक्त सकाळचाच असेल तर गाडी आदल्या रात्री गॅरेजमध्ये सोडावी आणि पहिला स्टार्ट मिस्त्रीलाच मारू द्यावा. अन्यथा त्याला शेजारी बसवून नेहमीच्या रस्त्याने न्यावे, किंवा त्याला चालवायला देऊन मालकाने मागे बसावे.

चांगल्या मिस्त्रीकडे ऐकण्याचीही साधने असतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक बंदिस्त भागावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावली की त्या भागाचा आवाज वेगळा काढता येतो. डॉक्टरी स्टेथोस्कोपचे तत्त्व याहून निराळे नाही. फ्रान्समध्ये लेनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची नळी रुग्णाच्या छातीला लावली, त्याचीच ही लोखंडी आवृत्ती. फिरत्या पट्ट्याजवळ आणि पंख्याजवळ मात्र हे धोक्याचे, त्यामुळे हौशी मालकांनी दूर राहावे. काही ठिकाणी चिमट्यांना जोडलेले छोटे मायक्रोफोन सस्पेन्शनच्या निरनिराळ्या भागांना लावून, गाडी चालवत एकामागून एक ऐकण्याची सोय असते. हे उपकरण असलेले गॅरेज मिळाले आणि त्याने निदानाचे वेगळे पैसे मागितले, तर कुरकुर न करता द्यावेत. अंदाजाने बदललेल्या तीन भागांपेक्षा ते स्वस्तच पडतात.

थांबावेच लागेल असे आवाज

सगळे आवाज आठवडाभर नोंदी करण्याइतकी उसंत देत नाहीत. चाक बदलल्यानंतर किंवा पंक्चर काढल्यानंतर लगेच सुरू झालेली, वेगाबरोबर वाढणारी 'ठकठक' म्हणजे चाकाचे नट सैल असण्याची शक्यता. पहिल्या सुरक्षित जागी थांबून ते तपासावेत. ब्रेक मारतानाची बारीक 'चींऽऽ' ही मुद्दाम केलेली सोय असते: अनेक ब्रेक पॅडवर एक पोलादी पट्टी बसवलेली असते आणि पॅड दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती तबकडीला घासून ओरडू लागते. त्यानंतर काही दिवसांत पॅड बदलले तर खर्च पॅडपुरताच. दुर्लक्ष केले की 'चीं'ची जागा धातूवर धातू घासल्याची 'खर्रर्र' घेते, तबकडीही जाते आणि गाडी थांबायला अंतर जास्त लागते. इंजिनातून खोल 'ठोक्-ठोक्' आणि सोबत तेलाचा लाल दिवा, असे दिसल्यास इंजिन तत्काळ बंद करून गाडी ओढून न्यावी. 'जवळच तर आहे गॅरेज' या विचाराने चालवलेले दोन किलोमीटर संपूर्ण इंजिनाच्या किमतीचे ठरू शकतात.

स्टिअरिंगमधून जाणवणारा 'कट्' हाही त्याच वर्गातला. टायरॉड आणि बॉल जॉइंट हे भाग चाकाची दिशा धरून ठेवतात. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या मॉडेल्सच्या ८७,५९९ गाड्या स्टिअरिंगच्या टायरॉडमधील संभाव्य दोषामुळे परत बोलावल्या होत्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात त्या तयार झाल्या होत्या. सदोष वाहने परत बोलावण्यासंबंधीचे सक्तीचे नियम देशात १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले असून अशा दुरुस्तीचा भार उत्पादकावर असतो. म्हणून आवाज ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा असेल तर पैसे मोजण्यापूर्वी आपला चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत केंद्रात पडताळून पाहावा. हप्ते फेडून होईपर्यंत गाडी दोन हातांतून गेलेली असेल, तर परत बोलावल्याचे पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले असण्याचीही शक्यता असते.

दुरुस्ती झाल्यावर बदललेला जुना भाग मागून घ्यावा. झिजलेले बुश बोटांनी हलवले तरी कळते, आणि न झिजलेलेही. मग मिस्त्रीला सोबत घेऊन त्याच रस्त्याने, त्याच वेगाने, काचा तशाच ठेवून एक फेरी मारावी आणि बिल त्यानंतर चुकते करावे.